परक्या न्यायालयाला पहिलं पत्र

काशीगाव, मिरा रोड (पूर्व)

चि. सोनू हिस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. कंपनीचं नाव तू लिहिलं नाहीस, ते योग्य केलंस. मलाही ते नको आहे. प्रश्न समजला. कंपनी मुंबईची आहे, एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, तिची नादारी दाखल झाली आहे, आणि युरोपातल्या एका गोदामातला तिचा माल व बँकेतली शिल्लक तिथल्या न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताच्या ताब्यात आहे. त्या विश्वस्ताने तुमच्या ऑफिसला ईमेल केला. सगळे म्हणतात, फायलीला लावून ठेव, उत्तर द्यायचं कारण नाही, त्यांचा हुकूम आपल्याकडे चालत नाही. आणि तू विचारतेस, मामा, हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. उत्तर द्यायला हवं, उशीर न करता द्यायला हवं, आणि त्याचा मसुदा तूच करायला हवास. असं का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो. बँकेच्या वसुली खात्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे बुडालेल्या कंपन्यांच्या फायली पाहून डोळे थकले आहेत, पण या एका विषयाबद्दल मला अजून आच आहे.

आधी तुझ्याच कायद्याचं पुस्तक उघड. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. कलम १८ वाच. कंपनीच्या मालकीची मालमत्ता परदेशात असली तरी ती ताब्यात घेणं हे अंतरिम आरपीचं, म्हणजे कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलचं, कर्तव्य आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आता कलम १४ वाच. नादारी दाखल झाली की सगळ्या वसुल्या, जप्त्या, दावे थांबतात. मुंबईत थांबतात, नागपुरात थांबतात, चेन्नईत थांबतात. रॉटरडॅमच्या गोदामाला कोणी कुलूप घातलं असेल तर त्या कुलपावर आपल्या कलम १४ची काही सत्ता नाही. म्हणजे कायद्याने आरपीवर जबाबदारी टाकली, पण ती पार पाडायला हातात काही दिलं नाही. कलम २३४ आणि २३५ त्यासाठीच लिहिली होती: केंद्र सरकार दुसऱ्या देशाशी करार करील आणि मग आपलं न्यायाधिकरण तिथल्या न्यायालयाला विनंतीपत्र पाठवील. पण करारच झाले नाहीत, म्हणून कलमं कागदावर राहिली. अशा वेळी आरपीजवळ उरतं काय? समोरच्या विश्वस्ताशी बोलणं. तेवढंच उरतं, आणि तुमचं ऑफिस नेमकं तेच टाळतंय.

जेट एअरवेजचं प्रकरण तू कॉलेजात वाचलं असशील. आम्ही ते इथे पाहिलं. विमानतळावर कामाला जाणारी कितीतरी माणसं मिरा रोडला राहतात; महामार्गाने अंधेरी गाठता येते आणि घरं मुंबईच्या मानाने स्वस्त पडतात. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे जेटचं शेवटचं उड्डाण. त्यानंतर आपल्या वस्तीत गणवेशाची माणसं घरी बसलेली दिसू लागली. गृहकर्जाचे हप्ते कसे पुढे ढकलता येतील, हे विचारायला काही जण माझ्याकडेही येत.

त्या शेवटच्या उड्डाणाच्या आठवडाभर आधी, १० एप्रिलला, ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर जेटचं एक बोईंग ७७७ अडवलं गेलं होतं. मालवाहतुकीचं बिल थकलं म्हणून तिथल्या घेणेकऱ्याने ते जप्त करवलं. मग २१ मे २०१९ ला, दोन युरोपीय घेणेकऱ्यांच्या अर्जावर, हॉलंडच्या नूर्ड-हॉलंड जिल्हा न्यायालयाने जेटला दिवाळखोर जाहीर केलं आणि रोक्को मुल्डर यांना विश्वस्त नेमलं. स्टेट बँकेच्या अर्जावर एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने नादारी दाखल करून घेतली ती २० जूनला, म्हणजे महिनाभराने. कंपनी एक, दिवाळखोरीची न्यायालयं दोन, आणि परदेशातलं आधी धावलेलं.

मुंबई खंडपीठापुढे तो डच आदेश आला तेव्हा खंडपीठाने भूमिका घेतली की कंपनी भारतात नोंदलेली असताना हॉलंडच्या न्यायालयाला अधिकारच नव्हता, सबब तो आदेश मुळातच शून्य. तुझ्या ऑफिसात आज जे बोललं जातंय तेच. कायद्याच्या अक्षराला धरून पाहिलं तर त्या भूमिकेत काही तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण विमान कुठे होतं? स्किपोलवर. आपण इथे शंभर वेळा शून्य म्हटलं असतं तरी त्या विमानाचं एक चाक इकडे वळलं नसतं. उलट डच विश्वस्ताने ते विकून, आलेल्या पैशातून तिकडच्या घेणेकऱ्यांना वाटप केलं असतं आणि आपल्याकडे कोणाला काही करता आलं नसतं.

मुल्डर अपिलात गेले. अपील न्यायाधिकरणाने वाद चिघळू दिला नाही. दोन्हीकडच्या माणसांना सांगितलं, आपसात बसा, सहकार्याची चौकट लिहून आणा. आपले आरपी आशिष छावछरिया आणि मुल्डर यांनी ती लिहिली, आणि २६ सप्टेंबर २०१९ ला अपील न्यायाधिकरणाने ती मान्य केली. भारतात अशी चौकट प्रथमच झाली. कंपनीचं खरं कामकाज भारतात, म्हणून मुख्य प्रक्रिया भारताची आणि डच प्रक्रिया दुय्यम, हे त्यात ठरलं. एकमेकांना माहिती द्यायची, मालमत्तेला परस्पर हात लावायचा नाही, दोन्ही न्यायालयांचा मान आणि स्वातंत्र्य राखायचं. डच विश्वस्ताला घेणेकऱ्यांच्या समितीच्या बैठकीला बसता येईल, पण निरीक्षक म्हणून. मत देता येणार नाही.

यातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग असा. ही चौकट बेतली होती संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने, म्हणजे अनसिट्रलने, ३० मे १९९७ ला स्वीकारलेल्या आदर्श कायद्यावर. भारताने तो कायदा अंगीकारलेला नव्हता. हॉलंडनेही नव्हता, त्यांचं काम युरोपीय संघाच्या नियमावर चालतं आणि तो नियम संघाच्या सदस्य देशांपुरता. म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा एकही कायदा मध्ये नव्हता. तरीही दोन व्यावसायिक माणसांनी टेबलाशी बसून, दोन न्यायसंस्थांच्या देखरेखीखाली, ते तत्त्व आपल्या कामापुरतं खरं केलं. कायदा येईल तेव्हा बोलू, असं त्यांनी म्हटलं असतं तर अजून वाट पाहत बसले असते.

तू म्हणशील, पण जेट वाचली कुठे? नाही वाचली. जेट विकत घेऊ पाहणाऱ्या जालान-कालरॉक गटाची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, ती कधी अंमलात आलीच नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ चा अधिकार वापरून कंपनी लिक्विडेशनमध्ये काढली. गटाने घातलेले २०० कोटी जप्त झाले, १५० कोटींची हमी वटवायची मुभा बँकांना मिळाली. साडेपाच वर्षं गेली, आणि आपल्या वस्तीतल्या त्या कुटुंबांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. हे दुःखाचं आहे आणि मी ते लपवत नाही. पण कुठे मोडलं ते नीट बघ. मोडलं ते पैसे आणण्याचं वचन देणाऱ्यांनी ते न पाळल्यामुळे, आणि आपल्याच प्रक्रियेतल्या दिरंगाईमुळे. हॉलंडशी झालेल्या समझोत्यामुळे नव्हे. सीमेवरचा सांधा टिकला होता.

हा मार्ग काही जेटने शोधला नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट मॅक्सवेल नावाचा ब्रिटिश वृत्तपत्रमालक समुद्रात मृत सापडला आणि त्याच्या साम्राज्याखालचं भुयार उघडं पडलं. मूळ कंपनी लंडनची, पण सोन्याची अंडी अमेरिकेत: मॅकमिलन ही प्रकाशनसंस्था आणि विमानांची वेळापत्रकं छापणारी ऑफिशियल एअरलाइन गाइड्स. डिसेंबरात कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी लंडनच्या न्यायालयात. दोन्हीकडे कायदा वेगळा, दोन्हीकडे नेमलेली माणसं वेगळी. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश टीना ब्रोझमन आणि लंडनचे न्यायमूर्ती हॉफमन यांनी आपापल्या माणसांना एक लेखी चौकट करायला लावली आणि दोघांनी ती मंजूर केली. आदर्श कायदा त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आला. आधी माणसं बोलली, मग कायद्याने ते शब्दांत धरलं. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा कितीतरी देशांतल्या विश्वस्तांनी पुन्हा अशीच चौकट केली. या क्षेत्राची वाढ बव्हंशी अशीच झाली आहे.

आता तुझ्या सिनिअरांच्या बाजूनेही बोलतो, कारण त्यांच्या मनातली भीती पोकळ नाही. १९९१ च्याच जुलैमध्ये, ५ तारखेला, बीसीसीआय ही बँक एका दिवसात अनेक देशांत बंद झाली. नोंदणी लक्झेंबर्गची, कारभार लंडनमधून, ठेवीदार जगभर. तिची मुंबईतही शाखा होती. त्या शाखेचा व्यवहार पुढे स्टेट बँकेच्या एका उपकंपनीने घेतला. ती उपकंपनी २०११ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. बँकेतल्या आमच्या पिढीवर त्या प्रकरणाचा खोल ठसा आहे: परदेशी संस्था बुडाली की आपल्या हद्दीत जे सापडेल ते आधी आपल्या माणसांसाठी राखावं. ठेवीदारांचा विचार केला तर ते चुकीचं नव्हतं. बँकांचं आजही तसंच व्हायला हवं असं माझं मत आहे, आणि म्हणूनच आदर्श कायद्यानेही बँका व विमा कंपन्या वगळण्याची मोकळीक देशांना ठेवली आहे.

पण कारखाना, विमान कंपनी, व्यापारी पेढी यांचं तसं नाही. तिथे प्रत्येक देशाने आपल्या अंगणातलं ओढून घेतलं की कंपनी तुकड्यांनी विकली जाते. चालू धंद्याची किंमत भंगाराच्या भावावर येते. आणि ओढाओढीत पुढे कोण असतं? ज्याच्याजवळ ॲमस्टरडॅमला वकील लावायचे पैसे आहेत तो. काशीगावातल्या गाळ्यात लेथवर सुटे भाग करून देणारा लहान पुरवठादार नव्हे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत अशी शेकडो माणसं आहेत. त्यांची बिलं थकतात, त्यांच्यापाशी तारण नसतं, आणि एनसीएलटी म्हणजे काय हे त्यांना दाव्याचा फॉर्म ‘बी’ भरायची वेळ येते तेव्हा कळतं. सहकार्याचा सर्वाधिक लाभ कोणाला, तर यांना. कारण सगळी मालमत्ता एका यादीत आली तरच त्यांच्या वाट्याला काहीतरी येण्याची शक्यता.

म्हणून तो आदर्श कायदा मूळ इंग्रजीतून एकदा शांतपणे वाच. लहान आहे, बत्तीस कलमांचा. तो कुठल्याही देशाला आपला दिवाळखोरीचा कायदा बदलायला सांगत नाही. परदेशी विश्वस्ताला आपल्या न्यायालयाची पायरी चढू द्या, त्याची प्रक्रिया खरी असेल तर तिला मान्यता द्या, मान्यता मिळाली की जप्त्या थांबवा, आणि न्यायालयांनी एकमेकांशी शक्य तितकं सहकार्य करावं, अगदी थेट संवादही साधावा. एवढा त्याचा गाभा. मुख्य प्रक्रिया कोणाची, हे ठरवायची कसोटी म्हणजे कंपनीच्या हितसंबंधांचं केंद्र कुठे आहे. उलट पुरावा नसेल तर नोंदणीकृत कार्यालय जिथे, तिथे ते केंद्र आहे असं धरायचं. आणि देशाच्या सार्वजनिक धोरणाला उघडउघड छेद जात असेल तर नकार देण्याचा हक्क कलम ६ मध्ये राखून ठेवला आहे. सुमारे साठ देशांनी तो घेतला आहे. अमेरिकेने २००५ मध्ये, ब्रिटनने २००६ मध्ये, सिंगापूरने २०१७ मध्ये.

तो घेतला म्हणजे सगळे गुंते सुटतात असंही समजू नकोस. ब्रिटनचं बघ. आदर्श कायदा घेऊनही तिथे १८९० चा गिब्ज खटल्याचा नियम उभा आहे: करार इंग्रजी कायद्याखालचा असेल तर परदेशातल्या दिवाळखोरीने ते कर्ज फिटलं असं ते मानत नाहीत. तेव्हा तुझ्या फायलीतला प्रत्येक परदेशी करार काढ आणि कोणत्या देशाचा कायदा लागू, हे शेवटच्या पानावरचं कलम आधी वाच.

आपल्या देशाने मात्र फार वेळ घालवला, आणि याचा मला मनापासून राग आहे. आदर्श कायदा घ्यावा असं न्यायमूर्ती इराडी समितीने २००० साली सांगितलं. इराणी समितीने २००५ मध्ये सांगितलं. २०१८ च्या ऑक्टोबरात नादारी कायदा समितीने अख्खा मसुदा लिहून दिला. त्यानंतर के. पी. कृष्णन समितीने नियमांचा विचार केला. २०२५ च्या ऑगस्टात लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात, सीमापार नादारीचे नियम करायचा अधिकार केंद्राला देणारी तरतूद आली. इराडी समितीपासून मोजलं तर पंचवीस वर्षं. या काळात सिंगापूरने काय केलं? मुंबईतल्या कॉम्प्युएज इन्फोकॉम या कंपनीची एनसीएलटीतली प्रक्रिया २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने मुख्य प्रक्रिया म्हणून मान्य केली. भारताने तो कायदा घेतलेला नाही, म्हणून दार लावून घेतलं नाही. आपल्या न्यायाधिकरणाच्या आदेशाला परक्या देशात असा मान मिळाला, तर त्यांच्या आदेशाला निदान उत्तर देण्याइतका मान आपण ठेवू नये?

आणि आपण अगदीच कोते आहोत असंही नाही. २०१७ मध्ये मॅक्वायरी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी व्यापारी घेणेकऱ्यालाही इथे नादारीचा अर्ज करण्याची वाट मोकळी केली. व्हिडिओकॉनच्या प्रकरणात मुंबई खंडपीठाने २०२० मध्ये ब्राझील-इंडोनेशियातले तेलसाठ्यांचे हितसंबंधही प्रक्रियेत आणायला सांगितलं. ज्या देशाचं न्यायाधिकरण ब्राझीलपर्यंत हात लांब करतं, त्या देशाच्या वकिलाने युरोपातल्या ईमेलला उत्तर न देणं शोभत नाही.

एका बाबतीत मात्र कठोर राहा. समझोता करताना कामगारांचं पहिलं बघ. आपल्या कलम ५३ प्रमाणे लिक्विडेशनमध्ये कामगारांची आधीच्या चोवीस महिन्यांची देणी तारण सोडणाऱ्या सुरक्षित घेणेकऱ्यांच्या बरोबरीने उभी राहतात. सरकारी देणी त्यांच्या मागे. हॉलंडमध्ये क्रम निराळा, कराचा हक्क पुढचा. पण मालक बुडाला तर थकलेला पगार काही मर्यादेपर्यंत सरकारी विमा संस्था देते. आपल्या कामगाराला तसं छत्र नाही. जेटच्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी अपील न्यायाधिकरणापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. तेव्हा परदेशातली रक्कम कुठे वाटली जाणार, कोणत्या देशाच्या क्रमाने, हे चौकटीत स्पष्ट लिहिल्याशिवाय होकार देऊ नकोस. सौजन्याने बोलायचं आणि हक्काचं सोडायचं नाही, या दोन्ही गोष्टी एका पत्रात बसतात.

आता पत्रात काय लिहायचं. आपल्या प्रक्रियेची तारीख, प्रकरण क्रमांक आणि आरपीची नेमणूक कळव; आदेशाची प्रमाणित प्रत जोड. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय, संचालक मंडळाच्या बैठका, हिशेब, बहुतेक कामगार, सगळं मुंबईत असल्याचे कागद आतापासून जमव, कारण मुख्य प्रक्रियेचा प्रश्न तिथेच निघणार आहे. त्यांच्या ताब्यातल्या मालाची यादी आणि बँकेची शिल्लक माग. माल नाशवंत असेल किंवा गोदामाचं भाडं चढत असेल तर विक्रीला सरसकट विरोध करू नकोस; विकून आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दोन्ही न्यायालयांच्या परवानगीशिवाय तिला हात लावू नये, एवढं लेखी माग. आपल्या घेणेकऱ्यांना तिकडे दावा लावायची मुदत काय, हे विचार, आणि कळलं की त्याच दिवशी सगळ्यांना कळव. मुदती चुकून माणसं बुडताना मी पुष्कळ पाहिली आहेत. तिकडच्या घेणेकऱ्यांना आपला फॉर्म आणि आपली मुदत तूही तितक्याच तत्परतेने कळव. शेवटी, सहकार्याची चौकट करायची तयारी आहे असं लिही, आणि ती आपल्या खंडपीठापुढे मंजुरीसाठी ठेवू असंही लिही. जेटच्या चौकटीचा नमुना समोर ठेव, पण नुसती नक्कल करू नकोस. तुझ्या कंपनीचं गोदाम आणि जेटचं विमान यांच्या गरजा सारख्या नाहीत.

हे सगळं आरपीच्या सहीने जायचं आहे, तुझ्या नाही. सिनिअरांना डावलून काही करू नकोस. मसुदा त्यांच्या टेबलावर ठेव, सोबत अपील न्यायाधिकरणाचा २६ सप्टेंबर २०१९ चा आदेश ठेव, आणि परदेशातली मालमत्ता ताब्यात घेण्याची जबाबदारी आरपीवर आहे हे नम्रपणे दाखव. शहाणा सिनिअर ते वाचून सही घेईल. नाही घेतली, तर निदान तुझं मत लेखी फायलीत राहील.

कफ परेडहून परतायला तुला रात्र होते, विरार गाडीतली उभी गर्दी मला ठाऊक आहे, तरी या आठवड्यात हे टाळू नकोस. तिकडचा विश्वस्त कोणाची वाट पाहत थांबत नाही. मसुदा तयार झाला की कंपनीचं नाव काढून मला पाठव, मी त्याच रात्री वाचून देईन.

तुझा,
मामा